सतरा शाळांची एक पृथ्वी

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. वयाने जुना, अंगाने थोडा चेपलेला आणि स्वभावाने, खरं सांगायचं तर, आता जरा चिडका. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही चिडला असता. सगळी कहाणी ऐका, मग ठरवा.

माझा जन्म एका लांबट खोलीच्या कारखान्यात झाला. तिथे पुठ्ठ्याच्या दोन वाट्या एकमेकींवर चिकटवत आणि त्यावर नकाशाच्या बारा फाका बसवत. माझ्या फाका चिकटवणारी बाई हाताने फार नेटकी होती, पण त्या दिवशी तिला पडसं झालं होतं. सहावी फाक लावताना तिला शिंक आली आणि महासागरातलं एक आख्खं बेट उडून खळीच्या डब्यात पडलं. त्या बेटावरचे लोक मला अजूनही शिव्या देत असतील. समुद्रावरून जाणारी जहाजं तिथे येऊन बुचकळ्यात पडतात, असंही मी ऐकून आहे. विश्वास बसत नसेल तर कुठल्याही खलाशाला विचारा. तो 'नाही' म्हणाला तर समजा की तो लपवतोय.

मी तयार झालो त्या वर्षी राज्याच्या सभागृहात आमदारांनी शाळांसाठी हात सैल सोडला होता. म्हणून मी, एक सूक्ष्मदर्शक, दोन काळे फळे आणि पुस्तकांचं एक कपाट असे आम्ही एकाच टेम्पोतून निघालो आणि दगडखाणीजवळच्या एका सरकारी शाळेत उतरलो. सात वर्ग, सात खोल्या, पुढे पटांगण आणि पलीकडे खाण. खाणीत सुरुंग उडाला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि मी माझ्या आसावर आपोआप दोन बोटं पुढे सरकायचो. म्हणजे आमच्या शाळेत दिवस इतर जगापेक्षा थोडा लवकर मावळायचा. मुलं खूश असायची.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. भूगोलाचे गुरुजी खिडक्या बंद करून माझ्यावर विजेरीचा झोत धरत आणि मला सावकाश फिरवत. दिवस, रात्र, दिवस, रात्र. साठ डोळे माझ्यावर. मग ते विचारत, "आता सांगा, आपण कुठे राहतो?" आणि तीस बोटं माझ्याकडे धावत.

मित्रांनो, याच प्रश्नाने माझ्या अंगावर एक खूण उमटली. तीस वर्षांत दर वर्गातल्या दर मुलाने एकाच जागी बोट टेकवलं. जगाचं दुसरं टोक कुठे आहे, वाळवंट कुठे आहे, ते कुणी फारसं विचारलं नाही. पण आपण कुठे राहतो, ते प्रत्येकाला बोट ठेवून पाहायचं होतं. होता होता तिथला रंग गेला, नाव गेलं, नद्या गेल्या आणि खालचा पांढरा पुठ्ठा दिसू लागला. करंगळीच्या नखाएवढा डाग. सगळं जग जागच्या जागी आणि नेमकं आपलं गाव तेवढं पांढरं. मला त्याचं वाईट वाटत नसे. लाडाने गालाला खळी पडते, तसं समजा.

मग सभागृहात एक नियम झाला आणि माझे दिवस फिरले.

नियम करणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं, हे मी आधीच सांगतो. त्यांना वाटलं, शाळांना पैसे देतो ते नीट वापरले जातात का, ते पाहावं. म्हणून एकेचाळीस वस्तूंची यादी निघाली. पृथ्वीगोल, सूक्ष्मदर्शक, प्रथमोपचार पेटी, घंटा, काय काय. वर्षातून एकदा तपासणी. सगळ्या वस्तू असल्या तर शाळेवर 'पूर्ण' असा शेरा. एक जरी कमी भरली तर शेरा 'अपूर्ण' आणि शाळेच्या रकमेतला दहावा हिस्सा कापायचा.

आता तुम्हीच सांगा. ज्या शाळेकडे वस्तू घ्यायला पैसे नाहीत, तिचे पैसे कापायचे. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तो असा. आणि ज्या शाळेवर 'पूर्ण' शेरा पडला, तिने नंतर काही मागितलं तर उत्तर ठरलेलं. तुमच्याकडे तर सगळं आहे, तुम्हाला कशाला हवं? कमी असलं तर दंड, पुरं असलं तर नकार. माझ्या पुठ्ठ्याच्या डोक्यालाही जे कळतं ते त्या मोठमोठ्या डोक्यांना कसं कळलं नाही, याचा विचार करून करून मला आणखी एक पोचा पडला आहे.

नियमाच्या पहिल्याच वर्षी पुलापलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापक आमच्याकडे आले. दारात उभे राहून चपलेने उगाच माती उकरत होते.

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, आत या. काय हवंय ते सांगा आणि दारात खड्डा पाडू नका."

"बाई, तुमची पृथ्वी एक दिवस द्याल का?"

"आणि आम्ही कुठे राहायचं?"

"चेष्टा नको हो. उद्या तपासणी आहे. आमचा गोल उंदरांनी खाल्ला. उत्तर ध्रुव तेवढा उरलाय."

मोठ्या बाई हसल्या आणि मला देऊन टाकलं. देऊ नये असं त्यांना वाटलंच नाही. शेजाऱ्याची अब्रू ती आपली अब्रू, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांची ही चूक अगदी भल्या माणसाची चूक होती, आणि तसल्या चुका सुधारायला फार वेळ लागतो.

पुढच्या वर्षी पाच शाळांनी मला मागितलं. त्याच्या पुढच्या वर्षी अकरा. शेवटी आमच्या भागातल्या सतराच्या सतरा शाळांनी मिळून एक पद्धतच पाडली. कुणाची घंटा, कुणाचा सूक्ष्मदर्शक, कुणाची प्रथमोपचार पेटी आणि आमचा मी, असं सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत भरायचं. तपासणीची गाडी एका शाळेतून निघाली की ट्रंक मागच्या दाराने बाहेर काढायची आणि आडवाटेने गाडीच्या आधी पुढच्या शाळेत पोचवायची. हे काम आमच्या शिपाईमामांकडे आलं. त्यांच्या सायकलला मागे मोठं कॅरिअर होतं आणि त्यांना परिसरातली प्रत्येक पायवाट पाठ होती.

मी ट्रंकेत मावत नसे. मला मामा आपल्या जुन्या रेनकोटात गुंडाळून पुढच्या दांडीवर बसवत. त्या प्रवासांचं काय सांगू. एकदा खाणीच्या उतारावर सायकल अशी सुटली की रेनकोट उडाला आणि वाऱ्याने मी माझ्या आसावर गरागरा फिरू लागलो. पाच मिनिटांत अकरा दिवस आणि अकरा रात्री झाल्या. पुढच्या शाळेत पोचलो तेव्हा मामांची दाढी वाढलेली होती. तिथल्या बाईंनी विचारलं, "मामा, आजारी होता का?" तेव्हा मामा म्हणाले, "नाही बाई, उतार होता."

बरं, यात थोडं तिखटमीठ माझं आहे, कबूल. पण यापुढे जे सांगतो त्यात एक अक्षरही पदरचं नाही, आणि वैताग तोच आहे.

तपासणीचे साहेब आंधळे नव्हते. सूक्ष्मदर्शकातली भिंगं कधीच हरवली होती. साहेब त्यातून बघत, त्यांना आपलीच पापणी दिसे, आणि ते 'सुस्थितीत' असं लिहीत. एकदा, बहुधा नवव्या शाळेत, त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"ही पृथ्वी मी आधी कुठेतरी बघितलीय."

शिपाईमामा दारात धापा टाकत उभे होते. ते म्हणाले, "साहेब, पृथ्वी एकच असते."

साहेबांनी यादीवर बरोबरची खूण केली. साहेबांनाही संध्याकाळी घरी जायचं होतं. 'अपूर्ण' लिहिलं की त्यांना सात पानांचा खुलासा लिहावा लागे आणि 'पूर्ण' लिहिलं की एक सही पुरे. नियमच असा होता की खरं बोलणाऱ्याची सगळीकडून पंचाईत.

आणि मग राजधानीतल्या सभागृहात मंत्र्यांनी उठून अभिमानाने सांगितलं की आमच्या भागातल्या सतराही शाळांत पृथ्वीगोल आहे, सूक्ष्मदर्शक आहे, घंटा आहे. बाकं वाजली. त्या वर्षापासून वस्तूंसाठीची रक्कम बंद झाली. गरजच उरली नव्हती ना. मित्रांनो, एकच असून सतरा ठिकाणी असण्याची करामत मोठमोठ्या जादूगारांना जमत नाही, ती मला जमली, आणि त्या करामतीने मी सतरा शाळांच्या तोंडचा घास काढला. मी काही केलं नाही. मला फक्त उचलून ठेवलं जात होतं. पण तपासणी झाली की उरलेलं वर्ष मी मोठ्या बाईंच्या कपाटावर कापडाखाली असायचो. हात लावायचा नाही, फुटला तर सतरा शाळा अडचणीत येतील. मुलांची बोटं बंद झाली. पांढरा डाग तेवढाच राहिला.

भूगोलाचे गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मग विज्ञानाच्या बाईंची बदली झाली. त्यांच्याही जागी कुणी आलं नाही. मोठ्या बाईंनी दोन वर्षं अर्ज केले. उत्तर यायचं, शाळा 'पूर्ण' आहे. वस्तूंच्या यादीत शिक्षक नव्हताच. एकेचाळीस वस्तूंत माणूस बसवायला कुणाला सुचलं नाही.

शेवटी एक आदेश आला. ज्या वर्गाला विषयाचा शिक्षक नाही तो वर्ग पुढच्या वर्षापासून बंद. मुलांनी सात किलोमीटरवरच्या शहरातल्या शाळेत जावं. आमच्या शाळेची सातवी जाणार होती.

सहावीत तेव्हा एकोणीस मुलं होती. मोठ्या बाईंनी यादी काढून एकेका नावावर बोट ठेवलं. शिपाईमामा समोर चहाचे कप घेऊन उभे.

"हिचे वडील खाणीत, आई दुसऱ्याकडे कामाला. धाकटा भाऊ हिच्याच गळ्यात. ही सात किलोमीटर जाईल?"

मामा म्हणाले, "नाही जाणार."

"हा?"

"हा सायकल असली तर जाईल. सायकल नाही."

"आणि आपली बडबडी?"

बडबडी म्हणजे सहावीतली एक मुलगी. तोंड बंद ठेवलं की तिला उचक्या लागतात, असं तिची आजी सांगायची. तिला सातवीत गेल्यावर माझ्यावरचं कापड काढायचं वचन मोठ्या बाईंनी दिलं होतं आणि ती रोज त्याची आठवण करून द्यायची.

मामा म्हणाले, "आजी तिला एकटीला नाही सोडणार. रस्त्याला ट्रक असतात."

यादीच्या शेवटी अकरा नावांवर टिंबं पडली. अकरा जण घरी बसणार. मोठ्या बाईंनी कप तसाच ठेवला. चहावर साय धरली.

याच सुमारास सभागृहात एका नव्या कायद्याची गोष्ट निघाली. तो आणला होता एका आमदारबाईंनी. निवडून येण्याआधी त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्या रोग्याला जास्त ताप त्याला आधी बघायचं, तसं ज्या शाळेला जास्त उणं तिला आधी द्यायचं. मुलं लांबून येतात, घरी शिकवणारं कुणी नाही, तिथे रक्कम जास्त. शिक्षक आधी, वस्तू नंतर. आणि जे द्यायचं ते दर वर्षी ठरलेलं द्यायचं, मर्जीवर नाही. समोरचे सदस्य म्हणाले, उणं आहेच कुठे? कागद बघा. सतराच्या सतरा पूर्ण. आमदारबाई म्हणाल्या, मी स्वतः बघून येते.

झालं. वरच्या कचेरीतून निरोप सुटले. बाई येतायत, एकही वस्तू कमी दिसता कामा नये. ट्रंक पुसली गेली. मामांच्या सायकलला तेल घातलं गेलं. माझ्यावरचं कापड निघालं. आणि मला पहिल्यांदाच वाटलं की या वेळी तरी मी फुटावं. आसावरून सटकून खाली पडावं आणि दोन वाट्या व्हाव्यात. पण पुठ्ठ्याच्या इच्छेला कोण विचारतं.

आमदारबाई सकाळी आल्या. बारीकशा, भराभर चालणाऱ्या. एकेचाळीस वस्तू पाहिल्या, पण यादी पाहावी तशा नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाल्या, "माझी पापणी चांगली दिसतेय." मोठ्या बाईंनी खाली पाहिलं. मग त्या माझ्यापाशी आल्या आणि सहावीच्या रांगेला विचारलं, "आपण कुठे राहतो, कोण दाखवेल?"

बडबडी रांग मोडून पुढे आली. मला अर्धा फेरा देऊन तिने बोट टेकवलं.

"इथे."

"इथे तर काहीच नाही गं. पांढरं आहे."

"काही नाही कसं? आम्ही सगळे आहोत ना तिथे. बोटं लावून लावून नाव गेलंय. माझ्या आईचं पण बोट आहे त्यात."

आमदारबाई हसल्या. आपला चष्मा काढून त्यांनी तो डाग जवळून पाहिला. मग सगळ्यांचा निरोप घेऊन गाडीत बसल्या. गाडी फाटकाबाहेर पडली तोच मामांनी मला रेनकोटात गुंडाळलं आणि पुलाच्या दिशेने सायकल हाणली.

आणि इथे पंधरा वर्षांत झालं नव्हतं ते झालं. आमदारबाई आपला चष्मा टेबलावर विसरल्या होत्या. अर्ध्या वाटेत लक्षात आलं. गाडी परत फिरली.

पुढचं मी पाहिलं नाही. तेव्हा मी दांडीवर होतो. पण मामांना ते मोठ्या बाईंनी सांगितलं आणि मामांनी मला सांगितलं. मामा माझ्याशी बोलायचे, यात लपवण्यासारखं काही नाही. आमदारबाई खोलीत आल्या. चष्मा जागेवर होता. शेजारी धुळीत एक गोल रिकामी जागा होती. बडबडी टेबल पुसायला फडकं घेऊन उभी होती.

"इथली पृथ्वी कुठे गेली गं?"

"पुढे गेली. तुमच्या आधी."

"माझ्या आधी?"

"ती नेहमीच आधी जाते. नाहीतर पुलापलीकडच्या सरांना ओरडा बसेल. सूक्ष्मदर्शकही गेला. घंटा तर मुळात आमची नव्हतीच, ती आता त्यांची होईल." मग तिला बहुधा आठवलं की हे सांगायचं नसतं. तिने तोंडावर फडकं धरलं आणि तिला उचकी लागली.

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या.

आमदारबाई म्हणाल्या, "तुम्ही मला फसवलंत."

"हो."

"मी तुमच्यासाठी भांडतेय आणि तुम्ही माझ्याच हातात खोटा कागद देताय. उद्या मी तिथे काय तोंड दाखवू?"

मोठ्या बाई शांत बाई. पण त्या दिवशी त्यांचा आवाज पहिल्या वर्गापर्यंत ऐकू गेला, असं मामा म्हणाले.

"ताई, खोटं बोललं तर शेरा मिळतो आणि खरं बोललं तर दहावा हिस्सा कापला जातो. हा भाव आम्ही नाही ठरवला. तुमच्या सभागृहाने ठरवला. पंधरा वर्षं तुम्ही लोक येता आणि विचारता, काय काय आहे ते दाखवा. काय नाही, हे एकानेही विचारलं नाही. आज विचारा, मी सांगते. विज्ञान शिकवायला माणूस नाही. पुढच्या वर्षी सातवी नाही. आणि ही आत्ता उचक्या देतेय ना, ही तेव्हा शाळेत नाही."

आमदारबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग बडबडीला म्हणाल्या, "पाणी पी जा." आणि निघाल्या.

पुलापलीकडच्या शाळेत मी टेबलावर होतो, आसावर अजून किंचित फिरत. मामा दाराआड घाम पुसत होते. आमदारबाई सरळ माझ्याकडे आल्या, अर्धा फेरा दिला, पांढऱ्या डागावर बोट ठेवलं आणि मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "सर, तुमच्या शाळेतली मुलंही इथेच राहतात का?"

सर एकदम खुर्चीत बसले. पाहुणे उभे आणि सर बसलेले. पण त्यांना कुणी काही म्हटलं नाही. मामा दाराआडून बाहेर आले. "बाई, त्यांना काही बोलू नका. सायकल माझी आहे."

"मामा, हे असं किती शाळांत?"

"पुरत्या सतरा. साहेबांची गाडी जोरात असली तर माझे गुडघे बोलायला लागतात."

आमदारबाई मला आपल्या मांडीवर घेऊन राजधानीला गेल्या. मोठ्या बाईंना त्यांनी तसा कागद लिहून दिला. शाळेचा एक पृथ्वीगोल नेला, काम झाल्यावर परत देईन. सही केली. मित्रांनो, तो कागद लक्षात ठेवा.

सभागृहात मला मधल्या टेबलावर ठेवलं. त्यांनी सगळं सांगितलं, ट्रंक, सायकल, पापणी. काही सदस्य खरोखर अस्वस्थ झाले. काही हसले. एक जाडेसे सदस्य म्हणाले, "एका पृथ्वीवरून कायदे बदलायचे म्हटलं तर अवघड होईल." दुसरे म्हणाले, "आधी या मुख्याध्यापकांवर कारवाई करा." म्हणजे चोर सोडून संन्याशाला. आमदारबाईंनी उत्तर दिलं की ज्या तापमापकाने खरा ताप दाखवला त्यालाच तुम्ही फोडताय. चर्चा पुढच्या आठवड्यावर गेली. मग पुढच्या महिन्यावर.

दरम्यान कुणाच्या तरी डोक्यात आलं की मी ऐतिहासिक वस्तू आहे. माझ्यासाठी सभागृहाबाहेरच्या दालनात काचेचं कपाट आलं. पितळेची पाटी आली. आतून दिवा लागला. मला पुसून, चकचकीत करून ठेवलं गेलं, आणि ठेवणाऱ्या कारकुनाने रंग गेलेली बाजू वाईट दिसते म्हणून ती भिंतीकडे केली. समोर नुसता निळा महासागर. इतका मान मला आयुष्यात मिळाला नव्हता आणि इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. तिकडे सतरा शाळांत आता एकही पृथ्वी नाही. इकडे एकाच पृथ्वीला कपाट, पाटी, दिवा आणि पहारेकरी. त्या कपाटाच्या किमतीत माझ्यासारखी वीस भावंडं आली असती. मी ओरडलो. काचेतून आवाज जात नाही.

कायद्याची तारीख तिसऱ्यांदा ठरली तेव्हा आमदारबाईंनी खाणीजवळच्या शाळेच्या सहावीला वरच्या सज्जात बसून कामकाज पाहायला बोलावलं. एकोणीस जण आले, सोबत मोठ्या बाई आणि कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले मामा. मला पाहताच बडबडी धावली.

"ही आमची आहे."

पहारेकरी म्हणाला, "काचेला हात लावू नकोस."

"काका, उलटी ठेवलीय तुम्ही. आम्ही मागे गेलो."

"उलटी कशी? गोल आहे. गोलाला उलट-सुलट असतं होय?"

"असतं. फिरवून बघा ना एकदा. आम्ही राहतो तिथे पाणीच दिसतंय नुसतं. आम्ही काय मासे आहोत?"

पहारेकऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या कमरेला किल्ली होती. मित्रांनो, त्या दालनातून रोज शेकडो मोठी माणसं जात होती, पण मला फिरवायला सांगणारी ही पहिलीच. त्याने कपाट उघडलं आणि मला अर्धा फेरा दिला. आस करकरला. पांढरा डाग समोर आला.

तेवढ्यात चहाची सुट्टी झाली आणि सदस्य बाहेर आले. तेच जाडेसे सदस्य थांबले. "अरे, हे खराब झालंय का? इथला रंग गेलाय."

"खराब नाही, ते आमचं घर आहे," बडबडी म्हणाली. "तुमचं कुठे आहे?"

त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी आपलं बोट उचललं आणि त्याच पांढऱ्यावर ठेवलं. दुसरीकडे ठेवणार तरी कुठे? ते त्याच राज्यातले होते. "सरकारी शाळेतच शिकलोय मी," असं काहीतरी ते पुटपुटले आणि चहा न घेता आत गेले.

आता तुम्हाला वाटेल, कायदा झाला आणि सगळं गोड झालं. मलाही तसंच सांगायला आवडलं असतं. थापा मारायला मी कधी लाजलो नाही. पण त्या दिवशी अर्धंच झालं. उणं सांगणाऱ्या शाळेची रक्कम कापायची नाही, हे एकमताने ठरलं. खाणीजवळच्या शाळेला विज्ञानाचा एक शिक्षक मिळाला आणि सातवी राहिली, पण एका वर्षापुरती. गरजेप्रमाणे रक्कम द्यायचा मुख्य कायदा पुढच्या अधिवेशनावर गेला. घोडं अजून तिथेच अडलंय. बडबडी सातवीत बसली. तिच्या मागच्या वर्गाचं काय, ते कुणालाच माहीत नाही.

मोठ्या बाई दर महिन्याला एक पत्र पाठवतात, त्या सही केलेल्या कागदाची नक्कल जोडून. आमची पृथ्वी परत द्या, सातवीला शिकवायची आहे, त्या मुलीला वचन दिलंय. आमदारबाई ते पत्र घेऊन कचेरीत जातात आणि हात हलवत परत येतात. कचेरीचं उत्तर जातं, वस्तू ऐतिहासिक असल्याने देता येत नाही. कधी कधी आमदारबाईही माझ्यासमोर थांबून म्हणतात की काम झालंच नाही, मग परत तरी कशी देऊ. मी दोघींचंही ऐकतो आणि दोघींचंही खरं वाटतं.

सध्या माझं आयुष्य असं चाललंय. सकाळी पहारेकरी कपाट उघडून मला अर्धा फेरा देतो. दुपारी कारकून येतो, जीभ टाळ्याला लावून च् च् करतो आणि डाग पुन्हा भिंतीकडे वळवतो. दुसऱ्या दिवशी पहारेकरी परत फिरवतो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. राज्याचं शिक्षण म्हणजे सध्या या दोघांची ही मूक मारामारी आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. शाळेतली वस्तू कपाटात जपू नका, वापरून झिजवा. तुमच्या शाळेत जे नाही ते मोठ्याने सांगा, शेजारच्या शाळेकडून मागून आणून झाकू नका. तुमच्यातलं कुणी उद्या त्या आतल्या बाकांवर बसलं तर शाळेत जाऊन पहिल्यांदा विचारा, काय नाही? आणि कधी या दालनात आलात, तेव्हा दुपार असली आणि काचेत नुसतं निळं पाणी दिसलं, तर पाटी वाचून पुढे जाऊ नका. पहारेकऱ्याला हाक मारा. किल्ली त्याच्या कमरेलाच असते. त्याला सांगा, काका, जरा फिरवा, आम्ही मागे राहिलोय.